काकींचा १.१

पालघर स्टेशनवरून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने निघालं की माहीम लागतं. नारळ, सुपारी, केळी आणि त्यांच्या सावलीत जपलेल्या पानवेली. अशाच एका वाडीतल्या घराच्या ओटीवर रक्ततपासणीचे दोन कागद पडले आहेत असं समजा. एक काकींचा. वय ६८, वजन बेचाळीस किलो, जन्म सगळा वाडीत पानं खुडण्यात गेला. दुसरा त्यांच्या पुतण्याचा. वय ३०, बोईसरच्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी जिम. दोन्ही कागदांवर ‘सीरम क्रिएटिनिन’ या शब्दांपुढे एकच आकडा आहे: १.१. शेजारी छापलेली मर्यादा पुतण्यासाठी ०.७ ते १.३ आणि काकींसाठी ०.६ ते १.१. ठळक अक्षर नाही, चांदणी नाही. दोघांच्याही किडन्या ठणठणीत आहेत असं म्हणून कागद कपाटात जातील.

घर कल्पनेतलं आहे, पण गणित खरं आहे. हाच १.१ वय आणि लिंग लक्षात घेऊन आजच्या प्रचलित सूत्रात घातला, तर पुतण्याच्या किडन्या मिनिटाला सुमारे ९३ मिलिलिटर रक्तद्रव गाळतात असा अंदाज निघतो. काकींच्या फक्त ५५. म्हणजे पुतण्याची गाळणी उत्तम चालली आहे, आणि काकींची वैद्यकशास्त्र ज्याला तिसरा टप्पा म्हणतं त्याच्या दारात आली आहे. कागदावर मात्र दोघं अगदी सारखे दिसतात.

असं का होतं, हे कळायला क्रिएटिनिन येतं कुठून ते आधी पाहावं लागतं. किडनी ते तयार करत नाही, किडनी ते बाहेर टाकते. तयार होतं ते आपल्या स्नायूंमध्ये. स्नायूंत क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. झटकन ताकद लागली, टोपली डोक्यावर उचलली, होडी वाळूवर ओढली, तर पहिल्या काही क्षणांची शक्ती त्याच्या साठ्यातून मिळते. या साठ्यातला शंभरातला दीड-दोन भाग रोज आपोआप मोडतो आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. शरीराला त्याचा पुढे काही उपयोग नाही. ते रक्तात येतं, किडनीतून गाळलं जातं आणि लघवीवाटे जातं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातून क्रिएटिन वेगळं काढलं. पुढे १८४७ मध्ये जर्मनीच्या लीबिग यांनी क्रिएटिनिनला नाव दिलं. नावाच्या मुळाशी मांसासाठीचा ग्रीक शब्द आहे, आणि रिपोर्ट वाचताना हे मूळ विसरायचं नाही. या आकड्यात किडनीइतकाच स्नायूंचाही वाटा असतो.

काकींच्या अंगावर मांस फारसं नाही. त्यांचे स्नायू दिवसाला अर्धा-पाऊण ग्रॅम क्रिएटिनिन बनवत असतील, पुतण्याचे दीड ग्रॅमच्याही वर. वाडीतल्या पाण्याच्या हौदासारखं हे आहे. वरून धार पडते आहे, तळाच्या भोकातून पाणी जातं आहे. हौदातली पातळी पाहून भोक किती मोकळं आहे ते सांगायचं असेल, तर वरची धार केवढी आहे हे ठाऊक हवं. पुतण्याच्या हौदात मोठी धार पडते आणि भोकही मोठं आहे. काकींच्या हौदात बारीक धार पडते, तरीही पातळी तेवढीच. मग भोक कुठेतरी बुजत आलं असणार.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. निसर्गाने किडनीत फार उदारपणे राखीव ताकद ठेवली आहे. मुठीएवढ्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. काही गाळण्या बंद पडल्या तर उरलेल्या जास्त काम ओढतात. माणसाला काही जाणवत नाही. ना दुखत, ना सूज येत, ना लघवी कमी होत. आणि क्रिएटिनिनचा आकडाही सुरुवातीला अगदी थोडाच हलतो.

काकींचा जुना कागद सापडला असं धरू. ५८ व्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणी झाली होती, तेव्हा क्रिएटिनिन ०.७ होतं. त्या वेळी गाळण्याचा वेग निघतो १००. आज १.१ आणि ५५. आकडा ०.४ ने वाढला आणि गाळणीतले ४५ गेले. चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक मिलिलिटर वयामुळेच कमी होतो. तेवढी सूट दिली तरी उरलेलं नुकसान मोठंच आहे. आता दुसरं टोक पाहा. याच वयाच्या बाईचं क्रिएटिनिन ४ वरून ५ झालं, पूर्ण एकने वाढलं, तर गाळणी साधारण १२ वरून ९ वर येते. गेले फक्त तीन. घरातली माणसं घाबरतात ती चाराचं पाच झाल्यावर, आणि शून्य पूर्णांक सातचं एक पूर्णांक एक होताना कोणाचं लक्षही नसतं. माझ्या मते या तपासणीबाबत आपल्याकडे होणारी सगळ्यांत मोठी चूक हीच.

म्हणून नुसतं क्रिएटिनिन वाचू नका, त्याच्याखालची ‘ईजीएफआर’ची ओळ वाचा. ठरावीक आकाराच्या शरीराच्या हिशोबाने मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातं याचा तो अंदाज. बऱ्याच लॅब आता ती छापतात. नसेल छापली तर मागा, वय आणि लिंग दिलं की ती गणिताने निघते, सुई पुन्हा टोचावी लागत नाही. ९० च्या वर उत्तम. ६० ते ८९ मध्ये लघवीत दोष नसेल तर काळजीचं कारण नाही. ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ हे तिसऱ्या टप्प्याचे दोन भाग, १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. पण एका कागदावरून कोणाला ‘किडनीचा जुनाट आजार’ असं लेबल लावायचं नसतं. दोष तीन महिने टिकला पाहिजे, असा नियम आहे, आणि तो नियम सोयीसाठी नाही. आदल्या रात्री मटणाचं जेवण झालं असेल, दिवसभर उन्हात पाणी न पिता काम झालं असेल, जुलाब-उलट्या चालू असतील, जिममधला मुलगा क्रिएटिनची पावडर घेत असेल, तर आकडा तेवढ्यापुरता वर जातो. रसायनाचाही थोडा हात असतो. १८८६ मध्ये मॅक्स याफे यांनी पाहिलं की क्षारयुक्त पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन घातलं की नारिंगी-लाल रंग येतो. तीच युक्ती आजही असंख्य लॅबच्या यंत्रांत चालते, आणि रक्तातले काही दुसरे पदार्थही तो रंग थोडा गडद किंवा फिका करू शकतात. एका ठिकाणी १.० आणि दुसरीकडे १.१ आलं तर त्यात आजार शोधू नये. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी.

ही सूत्रंही मुख्यतः पाश्चात्त्य लोकांवरून बांधलेली आहेत. आपल्याकडची शिडशिडीत, कमी मांस खाणारी माणसं त्यात बसवली की गाळणी आहे त्यापेक्षा बरी दिसण्याचा संभव असतो. काकींचे ५५ प्रत्यक्षात त्याहून कमी असू शकतात. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची दुसरी रक्ततपासणी आहे. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, पण महाग असते आणि सगळीकडे होत नाही.

स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी होणारी तपासणी वेगळीच आहे, आणि तिच्याकडे फारच दुर्लक्ष होतं: लघवी. निरोगी गाळणी रक्तातली प्रथिनं सोडत नाही. मधुमेहाने किंवा वाढलेल्या रक्तदाबाने ती जराशी फाटली की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपतं, आणि हे क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी होतं. लघवीतल्या अल्ब्युमिनचं आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर ३० च्या आत हवं. ज्यांना शुगर किंवा बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा ते करून घ्यावंच. लघवीला साबणासारखा फेस येऊन तो बराच वेळ टिकत असेल तर वर्षाची वाट पाहू नये.

लघवीच्या तपासणीची गरज पालघर जिल्ह्यात आणखी एका कारणाने जास्त आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा किनाऱ्यावर वाड्यांचा आणि मच्छीमारांचा, तर पूर्वेला जव्हार-मोखाड्याकडे डोंगरातल्या आदिवासींचा. तिकडच्या समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. हा आजार किडनीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना लहानपणापासून त्रास देतो. पण हा आजार असलेल्या मुलांचे स्नायू कमी, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यांची गाळणी नेहमीपेक्षा जोरात चालते. शिवाय किडनीच्या नळ्याही क्रिएटिनिन जास्त बाहेर टाकतात. या सगळ्यामुळे क्रिएटिनिन ०.४, ०.५ असं छान येतं. छान दिसणारा हा आकडा इथे फसवा असतो. सिकलसेलच्या रुग्णाचं क्रिएटिनिन ०.९ आलं तरी डॉक्टरांनी थांबून विचार करावा, आणि लघवीतलं अल्ब्युमिन आधीच पाहिलेलं असावं. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. रक्त तपासून कार्ड हातात दिलं की काम संपलं असं न मानता किडनीची नोंदही त्याच वहीत झाली, तर त्या मुलांचं मोठं भलं होईल.

आता अचानक बिघडणाऱ्या किडनीकडे येऊ, कारण या पट्ट्यात पावसाळा आणि भातशेती तिला फार जवळ आणतात. जुलै ते सप्टेंबर गुडघाभर पाण्यात लावणी, निंदणी चालते. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्या पाण्यात येतात आणि पायाच्या बारीकशा चिरेतून अंगात जातात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या तापाने केलेला कहर अनेकांना आठवत असेल. ताप, पोटऱ्यांचं असह्य दुखणं, लाल डोळे, आणि चार-पाच दिवसांत किडनीवर हल्ला. यात लघवी पुष्कळ होत असतानाही किडनी बंद पडत असू शकते, म्हणून ‘लघवी तर होतेय’ या समजुतीवर विसंबू नये. वेळेवर प्रतिजैविक मिळालं तर ५-६ पर्यंत चढलेलं क्रिएटिनिन काही आठवड्यांत उतरून पूर्वपदावर येऊ शकतं. हा आकडा पाहून ‘किडनी गेली’ म्हणून कोसळलेल्या घरांना हे सांगितलंच पाहिजे.

घोणशीच्या दंशाचंही असंच. तिचं विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवतं आणि किडनीला थेट इजा करतं. दंश झाला की काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं, गोठलं नाही तर विष भिनलं आहे. ही तपासणी अगदी लहान आरोग्य केंद्रातही होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितकी किडनी वाचते. आणि एक ध्यानात ठेवायचं: दंशाच्या दिवशीचं क्रिएटिनिन नॉर्मल असणं म्हणजे सुटका नव्हे. हौदाचं भोक आज बुजलं तरी पातळी चढायला वेळ लागतो. पुढचे दोन-तीन दिवस रोज लघवी मोजायची आणि रक्त तपासायचं.

याहून रोजचा, घराघरातला शत्रू मात्र अंगदुखीची गोळी आहे. दिवसभर ओझी उचलून, वीटभट्टीवर राबून, बोटीवर जाळी ओढून आलेला माणूस संध्याकाळी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅकची गोळी घेतो आणि सकाळी पुन्हा कामाला जातो. त्याला दोष कसा देणार, त्याची पाठ खरंच दुखते. पण किडनीत येणारं रक्त कमी पडायला लागलं की तिच्या दारातली रक्तवाहिनी रुंद ठेवण्याचं काम शरीरातली काही रसायनं करतात, आणि या गोळ्या नेमकी तीच रसायनं थांबवतात. उन्हाने आटलेलं अंग, त्यात बीपीची गोळी, त्यात लघवी होण्याची गोळी, त्यात ही वेदनाशामक: अशी गाठ पडली की धडधाकट माणसाची किडनी आठवड्याभरात बसू शकते. दुखणं असह्य असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात घेणं किडनीसाठी बरंच सुरक्षित. अनोळखी वैद्याच्या भस्मांबाबतही मी इतकंच निक्षून सांगेन. त्यात शिसं, पारा असेल तर तो जाता जाता किडनीतूनच जातो.

जड धातूंचा विषय निघाला की तारापूरचं नाव येणारच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात हे औद्योगिक क्षेत्र अतिप्रदूषितांमध्ये होतं, आणि इथल्या खाड्यांचं आणि विहिरींचं काय झालं हे मच्छीमारांना आणि वाडीवाल्यांना कोणी सांगायची गरज नाही. पाण्यातल्या धातूंचा किडनीशी संबंध असू शकतो, हे महाराष्ट्रात कोणी मांडलंच नाही असं नाही. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी २०१० मध्ये राज्यातल्या एका लहान खेड्यातले किडनीचे रुग्ण आणि तिथल्या पिण्याच्या पाण्यातले जड धातू यांची सांगड घालणारा अहवाल प्रसिद्ध केला होता. पण क्रिएटिनिनचा आकडा किडनी किती चालते एवढंच सांगतो, कशाने बिघडली ते सांगत नाही. माहीमच्या एखाद्या माणसाचा २.५ चा रिपोर्ट दाखवून कारखान्याकडे बोट करता येणार नाही, आणि त्याच कागदावरून कारखान्याला निर्दोषही ठरवता येणार नाही. त्यासाठी पाणी तपासावं लागतं, आणि गावच्या गाव वर्षानुवर्षं मोजावं लागतं. ते व्हायला हवं. तोवर ज्याला शुगर आणि बीपी आहे त्याने प्रदूषणाच्या चर्चेत स्वतःची गोळी चुकवू नये, कारण जुनाट किडनीविकाराची सर्वांत मोठी सिद्ध झालेली कारणं आजही तीच दोन आहेत.

गोळीवरून एक गोंधळ मी वारंवार पाहिला आहे. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४ चं १.६ होतं, घरचे म्हणतात गोळीने किडनी खराब केली, आणि गोळी बंद होते. ही औषधं गाळण्यांच्या आतला दाब उतरवतात. दाब उतरला की गाळणं थोडं मंदावतं, आकडा थोडा चढतो, पण तोच उतरलेला दाब पुढची अनेक वर्षं गाळण्यांना वाचवतो. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर अपेक्षितच धरतात. त्यापुढे गेली किंवा पोटॅशियम वाढलं तर ते ठरवतील. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांचंही सुरुवातीचं वागणं असंच असतं, आणि २०२० पासूनच्या मोठ्या चाचण्यांनी त्या किडनी वाचवतात हे दाखवलं आहे. मात्र जुलाब-उलट्यांच्या दिवसांत या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

उलटा गोंधळही होतो. कुणाचा काढा घेतला आणि क्रिएटिनिन ३ चं २.४ झालं, म्हणून घरात पेढे. दरम्यान त्या माणसाचं जेवण सुटलेलं असतं, मांस-मासळी बंद असते, वजन आठ किलोने उतरलेलं असतं. स्नायू आटले, हौदातली धार बारीक झाली, पातळी खाली आली. भोक होतं तेवढंच आहे. उतरलेल्या आकड्यासोबत वजनाचा काटाही पाहिल्याशिवाय आनंद करू नये.

आणि किनाऱ्यावरच्या लोकांना कळकळीने सांगायची गोष्ट शहाळ्याची. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळं नेतो, वाडीतली केळी नेतो. निरोगी माणसाला दोन्ही उत्तम. पण गाळणी २०-२५ च्या खाली गेलेल्या माणसाला त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाची लय चुकते, आणि आधी काही न कळता माणूस जाऊ शकतो. करमळ, म्हणजे स्टारफ्रूट, तर अशा रुग्णाने चाखूही नये, त्यातलं विषारी द्रव्य मेंदूवर जातं. ‘भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल’ हेही सगळ्यांना लागू नाही. उन्हात राबणाऱ्याने प्यावंच. पायावर सूज असलेल्या, लघवी कमी झालेल्या रुग्णाने डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

डायलिसिस कधी, हे क्रिएटिनिनच्या ठरावीक आकड्यावर ठरत नाही. गाळणी दहाच्या आसपास आली आणि मळमळ, दम लागणं, न हटणारी सूज, वाढलेलं पोटॅशियम असं काही दिसू लागलं की ती वेळ येते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, २०१६ पासून सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. पण येण्या-जाण्यात बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस कोणत्या योजनेत बसत नाही. जी काळजी ५५ वर घ्यायची, ती १० वर घेऊन चालत नाही, ते यासाठीच.

काकींना घाबरवायची गरज नाही. ५५ वर असलेली बरीच माणसं बीपी ताब्यात ठेवून, शुगर सांभाळून, वेदनाशामक गोळी टाळून आयुष्यभर डायलिसिसशिवाय राहतात. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त, सोबत लघवी, एकदा सोनोग्राफी, आणि मग वर्षातून एकदोनदा. आज घरी गेल्यावर एवढं करा: कपाटात, गादीखाली, देवघरामागे पडलेले घरातल्या सगळ्यांचे जुने रिपोर्ट शोधा. प्रत्येक कागदावरची तारीख आणि क्रिएटिनिन एका वहीत ओळीने उतरवून काढा, शेजारी त्या वेळचं वजन आठवत असेल तर तेही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.